एच-ई-बी, फ्रिस्को : किराण्याला चार तारे, दारावरच्या पाटीला पाच

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, अ‍ॅलन, मॅकिनी ह्या पट्ट्यात नवीन राहायला आलेल्या मराठी मंडळींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय, त्यातही ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत किंवा ज्यांचे आईबाबा येऊन काही महिने राहतात त्यांच्यासाठी जास्त. दुकान म्हणजे लेगसी ड्राइव्ह आणि मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं एच-ई-बी. भाजीपाल्याबद्दल थोडक्यातच लिहीन, ते सगळेच लिहितात. मला मुख्य लिहायचंय ते दाराबद्दल. टेक्सासमध्ये माणूस कमरेला पिस्तूल उघडं लावून खरेदीला येऊ शकतो, आणि ते पिस्तूल आत येऊ द्यायचं की नाही हे दुकानाचा मालक ठरवतो, मग हा सरळसरळ दुकानाच्या सर्व्हिसचा भाग झाला की नाही? पार्किंग, स्वच्छता, बिलिंगची लाइन ह्यावर लोक पानंच्या पानं लिहितात आणि ह्या गोष्टीवर कुणी चकार शब्द काढत नाही, नवीन आलेल्या माणसाला कळायचं कसं.

आधी किराणा उरकते. एच-ई-बी सॅन अँटोनियोची कंपनी, १९०५ मध्ये कर्व्हिल नावाच्या छोट्या गावात फ्लॉरेन्स बट नावाच्या बाईंनी दुकान काढलं तिथून सुरुवात, आणि टेक्सासच्या लोकांचा ह्या दुकानावर भारी जीव आहे. आमच्या भागात मात्र ते फार उशिरा आलं, फ्रिस्कोचं २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उघडलं. दुकानातच भाजलेल्या गरम टॉर्टिया मिळतात, पोळ्या लाटायचा कंटाळा आला की त्या रस्साभाजीबरोबर छान लागतात, मुलगा तर तूप लावून नुसतीच खातो. कोथिंबीर, मिरच्या, लिंबं, आंबे चांगले असतात. गवार, तोंडली, आळूची पानं असलं काही हवं असेल तर देशी दुकानच गाठायचं. चार तारे.

आता दार. एच-ई-बीचं धोरण २०१६ पासून जाहीर आहे, उघडं पिस्तूल घेऊन आत यायचं नाही. आणि हे नुसतं वेबसाइटवर लिहून सोडून दिलेलं नाहीये, टेक्सासच्या पीनल कोडमधलं कलम ३०.०७ आहे त्याची पाटी दारावर लावतात. ही पाटी एकदा नीट बघा म्हणजे परत कुठेही ओळखू येईल. कायद्याने ठरवून दिलेला मजकूर जसाच्या तसा, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान एक इंच उंच, मागच्या रंगावर उठून दिसतील अशी, आणि प्रत्येक प्रवेशाच्या ठिकाणी. मजकूर लांबलचक असल्यामुळे एवढ्या मोठ्या अक्षरात दोन भाषांमध्ये लिहिला की काचेचा चांगला मोठा भाग व्यापला जातो, म्हणूनच बऱ्याच दुकानदारांना ती नको असते, दाराची शोभा जाते म्हणतात. पण ह्या पाटीला कायद्याचं बळ आहे. ती असताना लायसन्स असलेला कुणी पिस्तूल दाखवत आत आला तर तो गुन्हा होतो, दंड २०० डॉलरपर्यंत, आणि कर्मचाऱ्याने तोंडी सांगूनही निघाला नाही तर तोच गुन्हा वरच्या वर्गात जातो, त्यात एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

पाट्या तीन प्रकारच्या असतात आणि आपल्या लोकांचा इथेच घोळ होतो, म्हणून सांगून ठेवते. ३०.०६ म्हणजे लायसन्सवाल्याने झाकून ठेवलेलं पिस्तूलसुद्धा नको. ३०.०७ म्हणजे लायसन्सवाल्याने उघडं लावलेलं नको. आणि ३०.०५ ची पाटी २०२१ नंतर महत्त्वाची झाली, ती लायसन्स नसलेल्यांसाठी. कारण २०२१ च्या १ सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगून फिरायला लायसन्सच लागत नाही, कायद्यात वय २१ पूर्ण लिहिलंय (१८ ते २० च्या मुलांना ती अट लावता येत नाही असं फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये ठरवलं) आणि बंदूक बाळगायला कायद्याने बंदी असलेल्यांपैकी तो माणूस नसावा, बस. उघडं लावायचं असेल तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, पाहिजे एवढी एक अट. त्याआधी १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्यांना उघडं लावायची परवानगी होती, आणि त्याच्याही आधी फक्त झाकूनच. रायफलची गोष्ट तर वेगळीच, ती खांद्याला अडकवून फिरायला इथे लायसन्स कधीच लागत नव्हतं, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं आणि आजही कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. बारमध्ये गेलात तर लाल ५१ टक्क्यांची पाटी दिसेल, जिथे निम्म्याहून जास्त कमाई तिथेच बसून पिण्याच्या दारूची असते अशा जागेची.

पुष्कळ लोकांना वाटतं की अमेरिकेत बंदूक बाळगायचा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती आहे म्हणजे दुकानदार काही बोलूच शकत नाही. तसं नाहीये. ती दुरुस्ती सरकारचे हात बांधते, दुकानदाराचे नाही. मॉल, सुपरमार्केट, हॉटेल, बँक्वेट हॉल ह्या जागा कितीही सार्वजनिक वाटल्या तरी मालकी खाजगी, आणि मालक म्हणू शकतो की माझ्याकडे हे चालणार नाही. टेक्सासात तर उलटी गंमत आहे, शहराच्या मालकीच्या लायब्ररीत किंवा बागेत, जी खरोखर सगळ्यांच्या पैशातून उभी राहिलीये, तिथे महापालिकेला वाटलं म्हणून अशी पाटी लावता येत नाही, कायद्याने मोजून दिलेल्या जागा सोडल्या तर बेकायदा पाटी लावल्याबद्दल शहरालाच दंड होतो. म्हणजे ज्या जागेत आपण नागरिक म्हणून जातो तिथे आपलं काही चालत नाही आणि जिथे गिऱ्हाईक म्हणून जातो तिथे थोडंफार चालतं. म्हणून मी म्हणते की आपण कुठल्या दुकानात पैसे टाकतो ह्याला इथे अर्थ आहे. हवाईमध्ये कायदाच उलट केला होता २०२३ मध्ये, मालकाने स्पष्ट हो म्हटलं तरच बंदूक आत, नाहीतर बंदी धरायची. ते प्रकरण पार सुप्रीम कोर्टात गेलं. टेक्सासात मालक गप्प बसला तर उत्तर हो असतं. मालकाचं मौन कुणाच्या बाजूने धरायचं, सगळा वाद तेवढ्यावरच चाललाय.

आणि गप्प न बसणाऱ्यांची संख्या फार नाहीये. व्हॉटाबर्गर ही इथलीच बर्गरवाली कंपनी, त्यांच्या सीईओंनी २०१५ मध्येच पत्र लिहून सांगितलं की उघडी बंदूक आमच्याकडे नको, ते स्वतः बंदुका बाळगणारे शिकारीवाले गृहस्थ असूनही. एच-ई-बीने २०१६ मध्ये सांगितलं. बाकी मोठ्या कंपन्यांनी काय केलं, तर विनंती केली. स्टारबक्सने २०१३ मध्ये विनंती केली, आणणाऱ्याला कॉफी मिळेल पण कृपया आणू नका अशा अर्थाची. २०१४ मध्ये डॅलस भागात काही लोक मोठ्या रायफली घेऊन चिपोटलेमध्ये जेवायला गेले, फोटो सगळीकडे फिरले, त्यावर चिपोटलेने विनंती केली. त्याच उन्हाळ्यात टार्गेटने विनंती केली. वॉलमार्टने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केली आणि त्याच दिवशी क्रोगरनेही, मग बाकीच्यांची रांग लागली.

वॉलमार्टने तेव्हा का केली हे इथल्या कुणाला सांगायला नको. ३ ऑगस्ट २०१९, एल पासोचं वॉलमार्ट, शाळा सुरू व्हायच्या आधीची खरेदी चाललेली, २३ माणसं गेली. मारणारा पोरगा आमच्या शेजारच्या अ‍ॅलनमधून दहा तासांवर गाडी चालवत गेला होता. एल पासोच्या पोलीस प्रमुखांनी नंतर सांगितलं की तो रायफल घेऊन तिथे आला हे पहिली गोळी सुटेपर्यंत कायद्यात बसत होतं. हे वाक्य वाचल्यावर मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते, कारण मग दुकानात उभ्या असलेल्या माणसाने बघून ओळखायचं तरी काय? त्यानंतर पाच दिवसांनी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या वॉलमार्टमध्ये एक जण अंगावर चिलखत, छातीवर अडकवलेली रायफल असा शिरला, का तर आपला हक्क मानतात का ते बघायचं होतं. दुकान रिकामं करावं लागलं. वॉलमार्टच्या पत्रात अशा प्रकारांचा उल्लेखही होता. तरी विनंतीच. कर्मचाऱ्यांना सांगितलेलं की वाद घालू नका, सामोपचाराने घ्या.

विनंती आणि पाटी ह्यातला फरक मला एका दुसऱ्या दुकानात कळला, मोठीच चेन आहे, नाव लिहीत नाही. बाबा आलेले होते, माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. चेकआउटच्या लाइनमध्ये आमच्या पुढे पन्नाशीचा एक माणूस, ट्रॉलीत दूध, सीरियल, कुत्र्याच्या खाण्याची मोठी पिशवी, आणि उजव्या कमरेला तपकिरी चामड्याच्या होल्स्टरमध्ये काळं पिस्तूल. वागायला अगदी सभ्य, आमच्याकडे बघून हसलाही. पण त्याच्या कमरेची उंची आणि माझ्या मुलाच्या डोळ्यांची उंची एकच होती. लाइन पुढे सरकली की मुलगा त्या होल्स्टरपासून वीतभर अंतरावर, मुठीवरचे खडबडीत कंगोरे दिसत होते इतकं जवळ, आणि पाच वर्षांचं पोर काय करतं ते सगळ्या आयांना माहितीये, दिसेल त्याला हात लावतं. मी त्याला ओढून पोटाशी धरलं. बाबांनी हळूच विचारलं, "हा साध्या कपड्यातला पोलीस आहे का गं?" म्हटलं, "नाही बाबा, गिऱ्हाईक आहे." बाबा म्हणाले, "मग मीठमिरची घ्यायला ते कशाला लागतं त्याला?"

बाबा कराडचे, बंदूक त्यांना नवीन नाही. गावाकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याच्या डबल बारी बंदुका होत्या लोकांकडे, पण निवडणूक लागली की ठाण्यात नेऊन जमा करायच्या आणि निकालानंतर सोडवून आणायच्या हा रिवाज त्यांनी आयुष्यभर बघितलेला. भारतात परवान्यावरच अट असते की जत्रेत, मिरवणुकीत, शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार न्यायचं नाही. म्हणजे जिथे चार माणसं जमतात तिथे ते नको, एवढा साधा विचार त्यांच्या डोक्यात पक्का होता, आणि इथे त्यांना किराण्याच्या लाइनमध्ये ते दिसलं. त्या दिवसानंतर ते त्या दुकानात आले नाहीत, गाडीत बसतो म्हणायचे.

काउंटरवर एक शाळकरी वयाची मुलगी होती. तिने पिस्तुलाकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, आणि मान वर न करता सगळं स्कॅन केलं. नंतर मी मॅनेजरला जाऊन विचारलं की तुमच्या कंपनीने तर सांगितलंय ना की उघडी बंदूक आणू नका, मग? तो म्हणाला ती विनंती आहे मॅडम, दारावर पाटी नाही, आम्ही कुणाला बाहेर काढू शकत नाही, आणि मुलांना मी असं सांगणार पण नाही की बंदूकवाल्याशी जाऊन बोला. त्याचं मला पटलं. तासाला थोडेफार डॉलर मिळणाऱ्या पोरीने हातात काही नसताना जाऊन सांगायचं की साहेब हे गाडीत ठेवून या, कशाच्या जोरावर? पाटी असती तर दारानेच ते सांगून टाकलं असतं, पाळणारे बहुतेक लोक वाचून परत गेले असते, आणि जो उरला त्याच्यासाठी पोलिसांना फोन करायला कायद्याचा आधार असता. हे ओझं कंपनीने उचलायचं असतं, आणि विनंती करून ती ते पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळी होते. माझा सगळ्यात मोठा राग ह्याच गोष्टीवर आहे, बंदुकीपेक्षाही जास्त.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी जास्त लक्षात ठेवायची. उघडी बंदूक कायदेशीर असली तरी ती सगळ्यांच्या कमरेला सारखीच कायदेशीर दिसत नाही. ओहायोच्या बीव्हरक्रीकमध्ये ५ ऑगस्ट २०१४ ला वॉलमार्टमध्ये एक २२ वर्षांचा काळा तरुण फोनवर बोलत फिरत होता, हातात दुकानाच्याच शेल्फवरून उचललेली छऱ्यांची बंदूक. एका गिऱ्हाइकाने ९११ ला फोन केला, पोलीस आले आणि काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या. ओहायोत खरी बंदूक उघडी घेऊन फिरणंही कायदेशीर होतं. पोलिसांवर खटला झाला नाही. इथे डॅलसमध्येही ७ जुलै २०१६ ला डाउनटाउनमधल्या मोर्च्यात पाच पोलीस मारले गेले, त्या मोर्च्यात वीसेक लोक रायफली अडकवून कायदेशीरपणे चालत होते, गोळीबार सुरू झाला तेव्हा मारणारा कोण न् हक्क बजावणारा कोण हे पोलिसांनाही कळेना, आणि त्यातल्याच एका निरपराध माणसाचा फोटो संशयित म्हणून जगभर गेला. जे शिकलेल्या पोलिसांना कळलं नाही ते ट्रॉली ढकलणाऱ्या बाईला कसं कळेल?

समोरच्या बाजूचं म्हणणं मी ऐकते, कारण ते शेजारी आहेत आमचे. आमच्या गल्लीतले एक काका, अगदी देवमाणूस, फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत वीज गेली तेव्हा ह्यांनीच आम्हाला जनरेटरवर चहा करून दिलेला, ते रोज पिस्तूल बाळगतात. त्यांचं म्हणणं, वाईट माणूस पाटी वाचून थांबत नाही, पाटीमुळे फक्त चांगला माणूस निःशस्त्र होतो. आणि ते इंडियानाच्या ग्रीनवूड मॉलचं उदाहरण देतात. १७ जुलै २०२२, फूड कोर्टमध्ये एकाने रायफलने तिघांना मारलं आणि तिथे मैत्रिणीबरोबर आलेल्या २२ वर्षांच्या एका मुलाने काही सेकंदांत आपल्या पिस्तुलाने त्याला पाडलं, मॉलमध्ये हत्यारबंदीचा नियम असतानाही त्याच्याकडे पिस्तूल होतं. हे खरं घडलेलं आहे, त्या मुलाने कितीतरी जीव वाचवले, मी ते नाकारणार नाही. पण त्या मुलाचं पिस्तूल झाकलेलं होतं. मारणाऱ्याला ते आधी दिसलं असतं तर पहिली गोळी त्यालाच गेली असती, हे काकांना म्हटलं तर ते म्हणाले, "म्हणून तर मी पण शर्टाच्या आतच ठेवतो." मग उघडं कशाला, ह्याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं, ते म्हणाले, "जे उघडं लावतात त्यांना काहीतरी दाखवायचं असतं."

म्हणूनच एच-ई-बीचं धोरण मला व्यवहारी वाटतं. उघडं नको म्हणतात, पण लायसन्सवाल्याचं झाकलेलं त्यांनी २०१६ मध्ये थांबवलं नाही. पूर्ण बंदी हवी असणाऱ्यांना हे अर्धवट वाटेल, कॉस्टकोचं धोरण तर सरळ आहे, पोलिसांशिवाय कुणाचीच बंदूक नको, आणि मला विचाराल तर मी कॉस्टकोच्या बाजूची आहे. पण ज्या राज्यात अर्धं गिऱ्हाईक बंदूकवालं आहे तिथे काकांसारख्या माणसालाही खरेदी करू द्यायची आणि माझ्या मुलाच्या डोळ्यासमोर होल्स्टरही येऊ द्यायचं नाही, दोन्ही सांभाळायचं तर हाच मार्ग निघतो. ह्या भागात मी जाते त्या सगळ्या दुकानांमध्ये बाबा एच-ई-बीमध्येच निवांत फिरायचे, टॉर्टियाच्या मशीनसमोर उभे राहून बघत बसायचे.

पाटीने काय होत नाही तेही लिहिते, नाहीतर लोक भलत्याच भरवशावर राहतील. पाटी दारापुरती, पार्किंगमध्ये गाडीत बंदूक ठेवायला कायद्याची मोकळीक आहे, एवढंच काय टेक्सासात २०११ पासून कंपनीलासुद्धा आपल्या कर्मचाऱ्याला पार्किंगमधल्या कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवू नको म्हणता येत नाही. त्यामुळे पार्किंगमध्ये जागेवरून, हॉर्नवरून कुणाशी हुज्जत घालू नका, पुण्यातली सवय पुण्यातच ठेवा, हे मी नवीन आलेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगते. आणि ठरवून मारायला आलेल्याला पाटी अडवत नाही. ६ मे २०२३ ला अ‍ॅलनच्या आउटलेट मॉलमध्ये शनिवारी दुपारी आठ माणसं गेली, त्यात हैदराबादची एक तरुण इंजिनियर होती, लहान मुलं होती. आमच्यातल्या प्रत्येकाचं तिथे जाणंयेणं होतं, भारतात न्यायची खरेदी सगळे तिथेच करतात. त्या दिवसाबद्दल मी पाटीचा मुद्दा पुढे करणार नाही, पाटी हे त्याचं उत्तर नव्हे. रोजच्या शंभर साध्या खरेद्यांमध्ये जी भीती पोटात घेऊन फिरावं लागतं तेवढी कमी करणं पाटीच्या हातात आहे, आणि तेवढं केलं तरी मला पुरे.

उघड्यावरच्या शॉपिंग सेंटरचं तर अजूनच अवघड. आउटलेट मॉल घ्या किंवा प्लेनोचं लेगसी वेस्ट घ्या, दिसायला रस्ता, फुटपाथ, बाक, झाडं, सगळं गावच्या चौकासारखं, पण मालकी खाजगी. आता तिथे प्रवेशाचं दार कुठलं? चारी बाजूंनी रस्ते येतात, पाटी प्रत्येक प्रवेशावर पाहिजे म्हणते कायदा. आवाराचा मालक एक, आतल्या दुकानांचे भाडेकरू पन्नास, एकाच्या दारावर ३०.०७ आणि शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या दारावर काहीच नाही. मुलाला घेऊन जाताना मी दुकानागणिक काच वाचते, आता सवय झालीये.

आपली देशी दुकानं ह्यात फार मागे आहेत. आम्ही जातो त्या एका दुकानात (नाव नको) दारावर ए-फोर कागदावर बंदुकीचं चित्र आणि त्यावर लाल फुली, प्रिंटरवर काढून चिकटवलेली, शेजारी गुजराती थाळीची जाहिरात न् कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीची चिठ्ठी. हेतू चांगला. पण लायसन्सवाल्याला ३०.०६, ३०.०७ च्या ठरलेल्या मजकुराशिवाय ती फुली लागू होत नाही, ह्याची दुकानाच्या मालकांना, आमच्या दादांना, कल्पनाच नव्हती. मी त्यांना पीनल कोडमधला मजकूर काढून दिला, ते म्हणाले, "ताई, एवढी मोठी पाटी लावली तर ऑफरची पोस्टर कुठे लावू?" आम्ही दोघांनी मिळून बाजूच्या उभ्या काचेवर बसेल असं माप घेतलं, साइन बनवणाऱ्याकडून करून आणली. आता लागली आहे, इंग्रजी-स्पॅनिश, पांढऱ्यावर काळी, आणि त्यांच्या काउंटरवरच्या पोरांना दादांनी सांगून ठेवलंय की कुणी तरी आलाच तर तुम्ही बोलायचं नाही, मला बोलवायचं. ह्या दुकानाला माझे पाच तारे, भेंडी महाग असली तरी.

अजून एक, एच-१बी किंवा एफ-१ वर असलेल्यांसाठी. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्यानेच बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. म्हणजे टेक्सासात लायसन्स लागत नाही हे ऐकून कुणी उत्साहात मित्राचं पिस्तूल गाडीत ठेवून फिरू नका, व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं पणाला लागेल.

आणि मंडळाच्या लोकांना एक विनंती. गणपतीचा कार्यक्रम शाळेच्या इमारतीत असेल तर प्रश्न नाही, तिथे कायद्यानेच बंदी आहे. पण बँक्वेट हॉल घेणार असाल तर भाडं, पार्किंग, बाहेरचं जेवण चालेल का हे विचारता तेव्हाच विचारून घ्या की दारावर ३०.०५, ३०.०६, ३०.०७ च्या पाट्या आहेत का, नसतील तर आमच्या कार्यक्रमापुरत्या स्टँडवर लावू द्याल का, आणि लेझीमची पोरं ज्या मागच्या दाराने आत येतात तिथेही लावा. बहुतेक हॉलवाले हो म्हणतात, आपणच विचारत नाही. चांगले हॉल जूनच्या आधीच जातात, त्यामुळे हे आत्ताच करायला हवं.